जिज्ञासेचे पहिले अंगण



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना संस्थेने विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले, याबद्दल मी प्रथम आभार मानतो. ज्याने आयुष्यभर मराठी शिकवली त्याने ज्ञानेश्वरीवर बोलावे, पंडिती काव्यावर बोलावे, निदान माळव्यातील मराठी वाङ्मयाचा आढावा तरी घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज दीड-दोन वर्षांच्या मुलाविषयी बोलणार आहे. जे मूल घरभर फिरते, दिसेल त्या वस्तूला हात लावते, कपाटे उघडते, डबे पालथे घालते, हाती येईल ते तोंडात घालते आणि घरातील मोठ्या माणसांना दिवसातून शंभर वेळा ‘नको, नको’ म्हणायला लावते, ते मूल हा माझा आजचा विषय आहे.

हा विषय निवडण्याचे एक कारण घरगुती आहे. माझी पावणेदोन वर्षांची नात सध्या आमच्या घराची खरी मालकीण आहे, आणि निवृत्त माणसाजवळ वेळ असल्यामुळे तिच्या उद्योगांचा मी नित्याचा साक्षीदार आहे. दुसरे कारण शाळेशी संबंधित आहे. मूल शाळेत येते तेव्हा ते साडेपाच-सहा वर्षांचे असते. बालवर्ग धरला तरी तीन-साडेतीन वर्षांचे. तोवर चालणे, बोलणे, वस्तूंची पारख, माणसांची पारख, एवढे मोठे शिक्षण त्याने घरी पूर्ण केलेले असते. ज्या शिक्षणाला ना पाठ्यपुस्तक आहे, ना परीक्षा, त्याची चर्चा शाळेच्या व्यासपीठावर क्वचितच होते. ती व्हावी, असे मला वाटते.

अंकपात आणि गोकुळ

आपण उज्जयिनीचे लोक आहोत. कृष्ण-बलराम येथे सांदीपनींच्या आश्रमात शिकायला आले आणि चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले, ही भागवतातील कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मंगलनाथच्या वाटेवरील अंकपात आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. कृष्णाने पाटी धुतली ती हीच जागा, असे सांगतो. शिस्तीने बसलेला, गुरूसमोर हात जोडलेला विद्यार्थी कृष्ण हा आपल्या गावाचा अभिमान आहे.

परंतु हा विद्यार्थी उज्जयिनीत येण्यापूर्वी काय करीत होता, हे भागवताच्या दशम स्कंधातच सांगितले आहे. तो माती खात होता. वासरे अवेळी सोडून देत होता. शिंक्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून पाट आणि उखळ यांवर चढत होता, मडकी फोडत होता. नामदेवांनी आणि तुकारामांनी या बाळक्रीडेवर अभंग रचले. श्रीधरांचा ‘हरिविजय’ १७०२ साली पूर्ण झाला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत वाचला गेला. त्यातील बाळलीला ऐकताना आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे पाणावत. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात करणाऱ्या बुद्धीची तयारी त्या गोकुळातल्या उचापतींत झाली होती, असे कोणी म्हटले तर मला ते पटेल.

आपल्या संस्कृतीतील एक विसंगती येथे ध्यानात येते. पोथीतल्या मुलाने मडके फोडले की आपण गहिवरतो. घरातल्या मुलाने कपबशी फोडली की आपण कपाळाला हात लावतो. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधायला घेतले तेव्हा दावे दर वेळी दोन बोटे कमी पडत होते, असे भागवतकार सांगतात. त्याचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतीलच. मला त्यात एक साधा, घरोघरचा अनुभवही दिसतो. मुलाच्या जिज्ञासेला बांधायला निघालेल्या प्रत्येक आईचे दावे दोन बोटे कमीच पडते.

सिंहाचे दात मोजणारा मुलगा

परंपरेने ज्याचे नाव या नगरीशी जोडले गेले आहे आणि ज्याच्या नावाने १९५८ पासून येथे कालिदास समारोह भरतो, त्या महाकवीनेही एक असे मूल रंगवले आहे. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंताला एक लहान मुलगा दिसतो. तो सिंहिणीच्या पिल्लाला आईच्या दुधापासून ओढून काढतो आहे आणि त्याला तोंड उघडायला सांगतो आहे. कशासाठी? तर त्याचे दात मोजायचे आहेत म्हणून! पिल्लाला मारावे, जिंकावे, असे त्याच्या मनात नाही. त्याला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे, आणि ती जाणण्याचा त्याला ठाऊक असलेला एकच मार्ग आहे : हात घालून पाहणे.

पुढचे तपशील पाहा. दोन तापसी त्याला आवरू पाहतात. भीती दाखवून उपयोग होत नाही, तेव्हा एक तापसी म्हणते की त्याला दुसरे खेळणे देऊ. तो लगेच ‘कुठे आहे? दे’ म्हणून हात पुढे करतो. त्या पुढे केलेल्या हातावर दुष्यंताला चक्रवर्तीची लक्षणे दिसतात. कालिदासाला ही लक्षणे मुलाच्या कपाळावर दाखवता आली असती, झोपेत दाखवता आली असती. त्याने ती दाखवली मागण्यासाठी पसरलेल्या तळहातावर. एरवी आपण ज्या हाताला ‘हात आवर’ म्हणून सांगतो, त्याच हातावर कवीने राजचिन्ह पाहिले.

आणखी एक गोष्ट, जी भाषेच्या अभ्यासकाला फार मोलाची वाटते. तापसी मातीचा रंगवलेला मोर घेऊन येते आणि त्या पक्ष्याचे लावण्य पाहा, असे म्हणते. संस्कृतात ‘शकुंत’ म्हणजे पक्षी, आणि ‘शकुंत-लावण्य’ या शब्दांत मुलाला ‘शकुंतला’ ऐकू येते. तो चटकन विचारतो, माझी आई कुठे आहे? मूल अनोळखी शब्दांच्या गर्दीतून आपल्या जिव्हाळ्याचा आवाज कसा वेचून घेते, याचे इतके अचूक निरीक्षण मला दुसरीकडे क्वचितच आढळले. कालिदासाने मुले पाहिली होती, याविषयी शंका राहत नाही.

पडण्याचे गणित

आता काव्यातून घरात येऊ. एका सकाळचा क्रम सांगतो. आमची नात उठल्यावर प्रथम स्वयंपाकघरातील खालचे कपाट उघडते. त्यातील वाट्या बाहेर येतात. एका वाटीत दुसरी बसते का, हे पाहिले जाते. बसली तर ती काढून पुन्हा बसवली जाते. मोठी वाटी लहान वाटीत जात नाही, याचा तिला दर वेळी नवा विस्मय वाटतो. मग माझा चष्मा, मग वर्तमानपत्र, मग देवघरातील घंटा. घंटा वाजते, पण चष्मा आपटला तर तसा वाजत नाही, हा शोध तिने लावला. शोध लावण्यापूर्वी चष्मा माझ्या हाती परत आला, हे माझे भाग्य.

याला आपण पसारा म्हणतो. याच वयाच्या मुलांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे मात्र वेगळे सांगतात. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी १९२५ ते १९३१ या काळात जन्मलेल्या आपल्या तीन मुलांची घरीच बारकाईने निरीक्षणे केली आणि त्यांवर आपला सिद्धांत उभारला. वस्तू एकदा हातातून सोडणे, मग थोड्या उंचीवरून सोडणे, मग बाजूला सोडणे, असा बदल करत मूल परिणाम पाहते, हे त्यांनी नोंदवले. साधारण एक ते दीड वर्षाच्या वयात हे ‘करून पाहणे’ भरास येते. चमचा दहा वेळा खाली टाकणारे मूल आपल्याला छळत नसते. त्याचा प्रयोग चाललेला असतो, आणि आपण चमचा उचलून देणारे त्याचे साहाय्यक असतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरेन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे आढळले. तासाभरात सतरा वेळा पडूनही जो विद्यार्थी अभ्यास सोडत नाही, असा विद्यार्थी मला महाविद्यालयात एकही भेटला नाही! पडणे म्हणजे अपयश, ही कल्पना त्याला अजून कोणी शिकवलेली नसते.

दुसरा प्रयोग २०१५ सालचा. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन या दोन संशोधिकांनी अकरा महिन्यांच्या बाळांना चकित करणारी दृश्ये दाखवली. एका दृश्यात चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसत होता, दुसऱ्यात वस्तू आधाराशिवाय अधांतरी राहिल्यासारखी दिसत होती. नंतर ती वस्तू बाळांच्या हाती दिली. भिंतीतून गेलेली वस्तू बाळांनी आपटून पाहिली. अधांतरी राहिलेली वस्तू त्यांनी खाली टाकून पाहिली. म्हणजे आपटणे आणि टाकणे यांतही विवेक आहे. जो प्रश्न पडला, त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याची ती रीत आहे.

आपले शब्द आणि त्याचे शब्द

अशा मुलासाठी मराठीत किती विशेषणे आहेत! द्वाड, हूड, व्रात्य, अवखळ, खोडकर, उपद्व्यापी, उचापत्या, खटपट्या. ‘चौकस’ हा शब्दही आपल्याजवळ आहे, पण तो आपण मोठ्या मुलासाठी राखून ठेवतो. लहान मुलाने हात लावला तर तो द्वाड, मोठ्याने प्रश्न विचारला तर तो चौकस. वस्तुतः दोन्ही ठिकाणी वृत्ती एकच आहे. एकाजवळ प्रश्न विचारण्याइतकी भाषा नाही, म्हणून तो हाताने विचारतो, एवढाच फरक. संस्कृतात ‘जिज्ञासा’ म्हणजे जाणण्याची इच्छा. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात हा शब्द येतो. ब्रह्माची जिज्ञासा वंद्य आणि पिठाच्या डब्याची जिज्ञासा दंडनीय, असे आपण कसे म्हणावे?

येथे मला आपल्या माळव्यातील मराठी कुटुंबांच्या एका काळजीच्या विषयाकडे वळायचे आहे. शिंद्यांच्या काळापासून आपली घरे येथे आहेत. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्याला आता अडीच शतकांहून अधिक काळ लोटला. इतक्या पिढ्या आपण रस्त्यावर हिंदी आणि माळवी बोललो, आणि घरात मराठी टिकवली. आज घरातही ती टिकेल का, असा प्रश्न पुष्कळजण मला विचारतात. ग्रंथालये हवीत, नाटके हवीत, संमेलने हवीत, हे सारे मी मानतो. परंतु भाषा टिकते ती त्याही आधी, दीड वर्षाच्या मुलाच्या हाताशी.

मुलाच्या हातात लाटणे येते तेव्हाच ‘लाटणे’ हा शब्द त्याच्या कानात रुजतो. पोळपाट, परात, पळी, झारा, सांडशी, रोवळी, सूप, उलथणे, फुलपात्र, खलबत्ता हे शब्द मी वर्गात शिकवू शकत नाही. ते वस्तूच्या वजनासह, थंड-गरम स्पर्शासह, आवाजासह यावे लागतात. मूल वस्तू उचलते आणि आपल्याकडे पाहते. ते पाहणे हाच प्रश्न असतो. त्या क्षणी ‘ठेव ते!’ असे म्हटले तर मुलाला फक्त एक आज्ञा मिळते. ‘हं, ही रोवळी. यात आजी तांदूळ धुते,’ असे म्हटले तर त्याला एक नाम, एक क्रियापद, एक नाते आणि एक वाक्यरचना मिळते. दिवसभरात असे प्रसंग किती येतात, याचा हिशेब करा. ज्या घरात मुलाला हात लावू देत नाहीत, त्या घरात मराठीचे किती शब्द रोज न उच्चारताच राहून जातात!

आमच्या नातीने सध्या चाळणीला ‘चाई’ आणि चावीलाही ‘चाई’ असे नाव दिले आहे. ती कोणती मागते आहे, हे तिच्या हाताच्या दिशेवरून कळते. काही दिवसांनी तिला स्वतःलाच या दोन वस्तू वेगळ्या नावांनी मागण्याची गरज भासेल आणि ‘ळ’ किंवा ‘व’ यांपैकी एक तरी वर्ण तिच्या जिभेवर येईल. वर्णोच्चाराचा हा पाठ चाळणी आणि चावी दोन्ही तिच्या हाताला लागल्यामुळेच सुरू झाला.

भय आणि त्याची मर्यादा

कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, हे सारे ऐकायला गोड आहे, पण मुलाला भाजले तर? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. घर ही मुलासाठी खरोखरच धोक्याची जागा आहे. बादलीत वीतभर पाणी असले तरी त्यात डोके खाली जाऊन लहान मूल बुडू शकते. पाण्याची टंचाई पडली की घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवण्याची आपल्या शहराला सवय आहे, म्हणून हे विशेष सांगतो. शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे खांड श्वासनलिकेत अडकते. खेळण्यातील, घड्याळातील बटनासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजून निघू शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. रॉकेल किंवा फिनेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे हा तर मुलाशी केलेला विश्वासघातच आहे. रॉकेल पोटात गेले तर ओकारी काढू नये, तसेच डॉक्टरांकडे न्यावे. आणि माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती : आपल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या उशाशी ठेवू नका. त्या रंगीत असतात, गोड दिसतात, आणि नातवंडांसाठी विष ठरू शकतात.

सांदीपनींनी गुरुदक्षिणा म्हणून काय मागितले, हे आपल्याला माहीत आहे. प्रभासक्षेत्री समुद्रात गेलेले आपले मूल त्यांनी परत मागितले. विद्या देणाऱ्या गुरूच्या मनातही सर्वांत खोल दुःख ते होते. हरवलेले मूल परत आणून देणारा शिष्य त्यांना लाभला. आपल्याला तो लाभणार नाही. म्हणून बादली आपणच रिकामी करून पालथी घातली पाहिजे.

तेव्हा माझे म्हणणे मुलाला मोकाट सोडावे असे नाही. माझे म्हणणे असे की, बंदोबस्त घराचा करावा, मुलाचा नव्हे. जे खरोखर घातक आहे ते उंचावर, कडीकुलपात जावे. विजेची खालची छिद्रे झाकावीत, गॅसच्या शेगडीकडे जाणारी वाट अडवावी, जिन्याला दार लावावे. एवढे झाल्यावर जे उरते ते मुलाचे. खालचे एक कपाट, एक खण, दोन डबे, चार वाट्या, जुने कापड, लाकडी चमचा. येथे त्याला कोणी ‘नको’ म्हणू नये.

‘नको’ या शब्दाचेही चलनासारखेच आहे. फार छापले की त्याची किंमत उतरते. दिवसातून शंभर वेळा उच्चारलेला ‘नको’ मुलाच्या कानावरून जातो. दोन-तीन वेळा, ठाम स्वरात आणि दर वेळी त्याच गोष्टीसाठी उच्चारलेला ‘नको’ ते ओळखते. आमच्या घरी तो शब्द शेगडी, जिना आणि रस्ता या तिघांसाठी राखून ठेवला आहे.

हातातील काच

गेल्या काही वर्षांत मुलाला शांत बसवण्याचा एक नवा उपाय घरोघरी पोचला आहे. मोबाईल हातात दिला की मूल हलत नाही, पसारा होत नाही, काही फुटत नाही. जेवणाचा घासही निमूटपणे गिळते. यशोदेचे दावे दोन बोटे कमी पडत होते, हे दावे मात्र पुरून उरते.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, दुसऱ्या वर्षातही ते योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसात एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके बरे, असे त्यांत सांगितले आहे. या सूचनेमागचे कारण समजायला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. काचेवरचा आंबा आणि काचेवरचा दगड हाताला सारखेच लागतात. दोहोंना वजन नाही, वास नाही. दाबला तर रस येत नाही, टाकला तर आवाज होत नाही. जे बोट दिवसभर एकाच गुळगुळीत पृष्ठभागावर फिरते, त्याला जगाचा खडबडीतपणा कसा कळणार? आणि काच कधी मुलाच्या डोळ्यांत पाहून विचारत नाही, ‘तुला काय हवे आहे?’

मी यंत्राचा शत्रू नाही. दूरदेशी असलेल्या आत्याचा चेहरा नातीला त्याच यंत्रात दिसतो आणि आत्याही तिला ओळखते, याचा मला आनंद आहे. यंत्रावर दुसऱ्या बाजूने माणूस बोलत असेल तर ते खिडकी होते. मुलाला गप्प करण्यासाठी दिले तर ती भिंत होते.

ज्यांनी हे आधी ओळखले

ही मते माझ्या पदरची नाहीत. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. त्यामागचे कारण मोठे बोलके आहे. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, जिन्यांची नासधूस करीत. भिंती वाचाव्यात म्हणून मालकांना मुलांसाठी एक खोली हवी होती. भिंतीची काळजी करणाऱ्यांनी दिलेल्या त्या खोलीत माँटेसरीबाईंनी मुलाचे मन पाहिले. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्या भारतात आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, आणि अड्यार व कोडाईकनाल येथील वास्तव्यात अगदी लहान बाळांविषयीचे त्यांचे चिंतन अधिक पक्व झाले.

त्यापूर्वीच भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. ते पेशाने वकील होते. १९१३ साली मुलगा झाला आणि या मुलाचे शिक्षण कसे करावे, या विचाराने त्यांची वकिली सुटली. घरातील एका मुलाकडे नीट पाहिले तर माणसाच्या आयुष्याची दिशा बदलू शकते, याचे हे उदाहरण. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम मराठीत आणले, ‘शिक्षणपत्रिके’तून ते मध्यमवर्गीय घरांत पोचवले, आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम उभारले. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या, आणि १९७३ साली ताराबाई गेल्यानंतर १९९२ मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत अनुताईंनी ते काम चालवले.

माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर कोठून आणणार? ताराबाई आणि अनुताईंनी बिया, पाने, खडे, शंख-शिंपले वापरले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे चारायला गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्यांच्या कार्यातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा त्याच नावाने केंद्रे उघडली गेली. मूल शिकते ते साधनांच्या किमतीने शिकत नाही, हे त्यांनी करून दाखवले. ज्या घरात चार भांडी आहेत आणि एक माणूस उत्तर द्यायला हजर आहे, त्या घरात बालशिक्षण होऊ शकते.

उत्तर द्यायला कोण हजर आहे?

हा ‘एक माणूस’ कोण, हा प्रश्न शेवटी उरतो. मी असे विचार मांडले तेव्हा परिचयातील एका तरुण आईने मला विचारले, ‘सर, मुलाने डबे काढावेत हे खरे. पण ते दिवसातून दहा वेळा उचलायचे कोणी?’

या प्रश्नाला आपल्या सगळ्या बालशिक्षणाच्या ग्रंथांनी पुरेसे उत्तर दिलेले नाही. मुलाच्या स्वातंत्र्याची किंमत बहुतेक घरांत एकच व्यक्ती भरते. ती आधी ओटा पुसते, मग सांडलेले पीठ पुसते, मग कार्यालयात जाते, आणि आल्यावर पुन्हा वाट्या गोळा करते. तिच्या हाती मोबाईलचा सोपा उपाय येतो तेव्हा तिला दोष देणारे आपण कोण? बाळलीलेची गोडी सर्वांनी चाखायची आणि मडक्यांचे तुकडे एकट्या यशोदेने वेचायचे, हा न्याय नव्हे. पूर्वी वाड्यांत आजी, काकू, आत्या, शेजारच्या वहिनी असत, मूल दहा हातांत फिरे. आज वाडे पडले, सदनिका आल्या, हात कमी झाले. म्हणून जे हात शिल्लक आहेत त्यांनी पुढे यायला हवे. बापाने यावे. आजोबाने यावे. निवृत्तीनंतर ‘आता वेळ कसा घालवू’ म्हणून चिंता करणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी सांगतो, खाली बसा. गुडघे दुखतात, हे मला ठाऊक आहे. खुर्चीत बसून, टोपली मांडीवर घेऊन का होईना, पण त्या मुलाच्या उंचीवर या आणि त्याने पुढे केलेल्या वस्तूचे नाव सांगा.

शाळेकडेही माझे एक मागणे आहे. प्रवेशाच्या वेळी आपण पालकांना भेटतो, पण तोवर तीन वर्षे उलटून गेलेली असतात. वर्षातून एकदा या सभागृहात तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना बोलवावे. एखाद्या बालरोगतज्ज्ञाने घरातील धोक्यांविषयी बोलावे, एखाद्या अनुभवी बालशिक्षिकेने खेळाविषयी, आणि माजी विद्यार्थ्यांनी या कामाचा थोडा खर्च उचलावा. फार मोठा खर्च नाही. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आयुष्य लहान मुलांत काढले. त्यांच्या नावाने हे घडले तर व्याख्यानमालेच्या कागदापेक्षा ते स्मारक अधिक टिकाऊ ठरेल.

कालिदासाच्या त्या मुलाचे नाव सर्वदमन होते, सर्वांना दमवणारा. पुढे तोच भरत म्हणून ओळखला जाईल, असे मारीच ऋषी सांगतात, सर्वांचे भरणपोषण करणारा. दमवणे आणि भरणे यांत मध्ये काही वर्षांचेच अंतर असते. ती वर्षे घरात कशी जातात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.